पाण्यात काढलेलं वर्तुळ

दफेदार, तुम्हाला जाऊन आता तीसेक वर्षं झाली. तुमच्या तेव्हाच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलं आहे. कंबर धरते, आणि घोड्यावर सोडाच, खुर्चीवरही नीट बसवत नाही. तुम्ही असतात तर लांबूनच म्हणाला असतात, "पाठ." एवढा एकच शब्द. अजून कधी तो आठवला की मी सरळ होऊन बसतो आणि मग माझंच मला हसू येतं. पण हे पत्र हसण्यासाठी नाही. इतक्या उशिरा लिहायला घेतलं याची लाज वाटते आहे, आणि वाटायलाच हवी.

सत्तावीस-अठ्ठावीस साल असावं. माझी नोकरी फिरतीची, आणि घोडेस्वारीची परीक्षा पास झाल्याखेरीज ती कायम होत नसे. पहिल्या खेपेला दुसऱ्याच उडीला मी घोडीच्या मानेवरून पुढे गेलो होतो आणि सगळ्या साहेबमंडळींसमोर तोंडात माती गेली होती. पुन्हा नापास झालो तर घरी बसायचं, आणि घरी विधवा आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. मी गयावया करत तुमच्याकडे आलो. रत्नागिरीत घोडे मुळात मोजकेच. रिसाल्यात लढाई बघून परतलेले तुम्ही एकटेच. माझी पहिली घोडी बघून तुम्ही मान हलवलीत आणि माझ्यासाठी घाट चढून कोल्हापूरकडे गेलात. येताना ती लाल घोडी पालीच्या रस्त्याने हाताने धरून चालवत आणलीत, एकदाही तिच्यावर न बसता. का, म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तिनं मला अजून बगितलान कुठं? अनोळखी मानसाला पाठ कोन देतं, साहेब?" तुम्ही तिला नुसतं "बाय" म्हणायचात. मीही तेच म्हणू लागलो.

जमिनीवर असलो की तुम्ही मला साहेब म्हणायचात. रिकिबीत पाय गेला की शिकवणी संपेपर्यंत 'तू'. मला ते फार आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ओहोटीला मांडवीच्या पुळणीवर आपण जायचो. ओल्या, घट्ट वाळूत मी दुडकीवर वर्तुळ काढायचं, उतरायचं आणि तुमच्याबरोबर त्या टापांच्या कडेने चालायचं. तुम्ही वाकून, हात पाठीवर बांधून एकेक ठसा वाचायचात. मागची टाप पुढच्या टापेच्या खुणेत पडली पाहिजे. "हिकरं बग. हितं लगाम ओढलास. हितं तुजं ध्यान त्या होडीकडं गेलं." खरंच गेलेलं असायचं. माझं वर्तुळ महिनाभर बटाट्यासारखं निघत होतं. एकदा मी घोडीला दोष दिला, तेव्हा तुम्ही एवढे तापलात की मला खाली उतरवून त्याच खुणांवरून चालायला लावलंत, तोंडाने दुडकीचा ताल धरून. किनाऱ्यावरच्या कोळणी पाट्या खाली ठेवून बघत होत्या. पण त्यानंतर मी तिला कधी दोष दिला नाही.

चार महिने उडी नाही. बांबू वाळूवर आडवा ठेवून त्यावरून नुसती चाल, मग दुडकी, मग गुडघाभर उंची. बरोबरीचे उमेदवार कंबरेएवढ्या उड्या मारत होते आणि मी आपला गोल फिरतोय. "उडी ती आपली आपन मारेल," तुम्ही म्हणायचात, "तू तिच्याखालची जमीन सांभाळ. आनि एक ऐकून ठेव. सड्यावर उडी नाय. कातळ हाय तो. तिचे पाय जातील, तुजं काय जानार नाय." शिकवणी संपली की तुमच्या स्वयंपाकघरात चुलीवर कुळीथ शिजत असायचे, एकाच हंड्यात, घोडीचे आणि आपलेही. काकी आधी तिची पाटी भरायच्या. मला वाढताना म्हणायच्या, "रागवू नका हां साहेब, कष्ट तिनं केलंन." तुम्ही हसायचात. त्या चुलीपुढे मला जेवढं घरच्यासारखं वाटलं तेवढं नंतर कुठल्याच मोठ्या बंगल्यात वाटलं नाही.

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि माझा धीर सुटला. रविवारी दुपारी मी तिला घेऊन गावामागच्या सड्यावर गेलो. तिथे एका कलमांच्या बागेला जांभ्या दगडांचा गडगा होता, कंबरेएवढा. मी टाच मारली. ती गेली, दफेदार. पाखरासारखी गेली. माझा मीच ओरडलो. दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा उतरताना कातळावर टापेचा आवाज वेगळा आला आणि ती क्षणभर थांबली. मी खाली उतरून तिचा पुढचा उजवा पाय चोळला. सूज दिसली नाही. तिला हळूहळू माझ्या बिऱ्हाडी नेलं, गार पाणी मारलं, आणि स्वतःला सांगितलं की काही झालेलं नाही.

सोमवारी पुळणीवर येतो तर तुम्ही आधीच हजर. दोन खांब रोवलेले, नव्या बांबूला चुना फासलेला, आणि तो बांबू कंबरेएवढा. "गेल्या आठवड्यात तुजं वर्तुळ अंगठीसारखं निगालं," तुम्ही म्हणालात. "आज बायला उडू दे." चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद. आधी वर्तुळ काढ म्हणालात. मी ते लाटांच्या कडेला काढलं, पाणी येऊन जात होतं तिथे. "पान्यात कशाला?" तुम्ही विचारलंत. "ऊन आहे, तिला गार वाटेल," मी म्हणालो. तुम्ही मान डोलावलीत. मग मी तिला बांबूकडे वळवलं. ती नको म्हणाली नाही. स्वच्छ वर गेली, आणि उतरताना तो पाय मोडला. आवाज लहानसाच झाला.

तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलात आणि मला पोलीस लाइनीतून बंदूक आणायला पाठवलंत. मी धावत गेलो. परत आलो तेव्हा भरती सुरू झाली होती आणि पाणी तुमच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तुम्ही तिच्या कानात काहीतरी बोलत होतात. बंदूक तुम्ही चालवलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "माजी चूक. बांबू मी वर घेतला. साहेब, तुमी मनाला लावून घेऊ नका."

साहेब. तुमी. त्यानंतर तुम्ही मला 'तू' कधीच म्हणाला नाहीत.

परीक्षा मी पोलीस लाइनीतल्या घोड्यावर दिली आणि पास झालो. वर्तुळाचं तर परीक्षा घेणाऱ्या साहेबाने कौतुक केलं. पेढे घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही चुलीशी बसला होतात, आणि त्या चुन्याच्या बांबूचे तुकडे चुलीत जळत होते. हंडा पालथा घातलेला. काकींनी पेढे घेतले आणि आत निघून गेल्या. तुम्ही म्हणालात, "आता मी कुनाला शिकवनार नाय. जनावराला काय पेलतं ते मला कळत नाय." बोलायची वेळ तीच होती. मी पाय न हलवता उभा राहिलो आणि म्हणालो, "असं म्हणू नका, दफेदार." बस, एवढंच. त्या पावसाळ्याआधी तुम्ही संगमेश्वराकडे आपल्या गावी निघून गेलात. पुढे राजापुरात बदलीवर असताना तुम्ही गेल्याचं कळलं. गावातला निरोप्या म्हणाला, शेवटची वर्षं रस्त्याने टांगा गेला तरी म्हातारा तोंड फिरवायचा. मी दिवसांनाही आलो नाही. काकींसमोर उभं राहायची छाती नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. काकीही आता नाहीत. सड्याचं वर लिहिलंच आहे, आणि कदाचित तुम्ही ते माफही केलं असतंत. तरण्या पोराचा उतावळेपणा म्हणाला असतात. पण एक राहिलं. त्या सोमवारी मी खोगिरावर बसलो आणि पाचव्या पावलालाच मला कळलं की तिचा उजवा पाय आखडतो आहे. बसल्या जागेवरून घोडी ओळखायला तुम्हीच मला शिकवलं होतंत, आणि ते मला आलं होतं. तिला गार वाटावं म्हणून मी पाण्यात गेलो नाही, दफेदार. कोरड्यात वर्तुळ काढलं असतं तर तुम्ही वाकून वाचलं असतंत.