संगणकाचं पारायण

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार

आजही नाही! मुडदा बसवला त्या संगणकाचा. बटण दाबलं की घूं करतो, तोंड मात्र काळंच. तासभर खटपट केली. शेवटी शिपाई मुंजाजी म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या आता. बटन झिजंल."

आणि पत्रही आजच यायचं होतं! २४ तारखेला परभणीहून साहेब तपासणीला येणार. संगणक चालू दिसला तर माझ्या जागेला मान्यता. नाही दिसला तर जागा रद्द, मी घरी.

घरी म्हणजे गंगाखेडच्या या खोलीत नव्हे. राणीसावरगावला. यांनी दिवाळीतच बजावलंय – "मान्यता न्हाई आली तर खोली सोडायची अन् गावाकडं यायचं. माय थकलीय." सासूबाई थकल्यात, खरं आहे. पण मला नाही जायचं. इथं लिहायला कुणाची चोरी? मला नाही जायचं!

४ फेब्रुवारी

जूनपासून मी संगणक शिकवतेय तो फळ्यावर. खडूनं पडदा काढते, खडूनं कळा काढते. पोरं कळा काढलेल्या पुठ्ठ्यावर बोटं आपटतात. आठवीतली अंबिका तर अशी सपाट्यानं आपटते की बघत राहावं. पुठ्ठा बिचारा कधी बिघडत नाही. खरा संगणक पाच वर्षांपूर्वी कुणा माजी विद्यार्थ्यानं दिला, तेव्हाचे सर पुण्याला निघून गेले, आणि तेव्हापासून तो कुलपात.

आता एक गोष्ट फक्त इथं. चालू झालेला संगणक मी पाहिलेलाच नाही. औरंगाबादच्या प्रशिक्षणाला आम्ही चाळीस जण, संगणक एक, मी चौथ्या रांगेत. दहा दिवस शिकवणाऱ्यांची पाठ पाहिली. प्रमाणपत्र मात्र पहिल्या श्रेणीचं!

५ फेब्रुवारी

हेडमास्तर दत्तोपंतांना संगणकाची मूळ पुस्तिका सापडली. इंग्रजी, अकरा प्रकरणं. मी हरखले. म्हटलं, सर, नववं प्रकरण 'बिघाड' आहे, तेवढं काढू या.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले.

"मधूनच? ग्रंथ मधूनच उघडायचा नसतो, बाई. क्रमानं जाऊ. रोज एक अध्याय."

आणि खरंच! प्रार्थनेनंतर आम्ही संगणकासमोर अनवाणी उभे, सर खड्या आवाजात वाचताहेत. अध्याय पहिला – खोक्यातून यंत्र बाहेर कसं काढावं. खोकं पाच वर्षांपूर्वीच मुंजाजीच्या शेळीनं खाल्लंय.

७ फेब्रुवारी

अध्याय तिसरा. टेबल कसं असावं. मुंजाजी मान डोलावतो. इंग्रजी एक अक्षर येत नाही, पण म्हणतो, "वाचतात लय ग्वाड."

१० फेब्रुवारी

घात झाला. पाचवा अध्याय निम्मा झाला आणि वीज गेली. धूळ नको म्हणून खिडक्या बंद, खोलीत मिट्ट अंधार. सरांनी पुस्तिका मिटली. "पारायण खंडलं. उद्या पहिल्यापासून."

मला रडूच आलं. म्हटलं सर, चोवीस तारीख! ते म्हणाले, "म्हणूनच. घाईनं केलेलं फळत नाही." पुस्तिका रेशमी फडक्यात बांधली, कपाटात ठेवली. किल्ली जानव्याला! तिथून कशी काढू?

बोटं मोजली. नववा अध्याय वीस तारखेला. तोवर रोज शाळा सुटल्यावर मीच बटणं दाबत बसते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे आले होते. भांडी मोजून गेले, कोणती गावाकडे न्यायची ते. चहा प्यायला तो कप धरून चार कप म्हणे. गेल्यावर तोच कप आपटला. आता तीन.

१८ फेब्रुवारी

काय लिहू!

शाळेच्या विहिरीवरची मोटार बिघडली म्हणून चंद्रभान मिस्त्री आला होता. मोटार झाली, हात धुतले, आणि संगणकाच्या खोलीत डोकावून म्हणाला, "ह्याला काय झालंय, बाई?"

म्हटलं, चालू होत नाही.

तो कान लावून बसला, डॉक्टरासारखा. "पंखा फिरायलाय. म्होरं हिरवा दिवाबी लागलाय. म्हंजी मोटार चालू हाय. मोटार चालू अन् पाणी वर येईना, तर मधी कुणीतरी व्हॉल बंद केलाय."

म्हटलं, चंद्रभान, याला व्हॉल नसतो.

"व्हॉल समद्यालाच असतो, बाई."

त्यानं पडद्याच्या कडेला खाली बोट फिरवलं, एक काळी चकती सापडली, आणि फिरवली. पडदा हिरवा झाला!

मुंजाजी दारात. "अवं, ती तर मीच बारीक केली व्हती! ते सर पुन्याला गेले त्या दिशी. घरी कंदिलाची वात न्हाई का बारीक करून ठिवत? उगं जळत बसंल म्हनून."

म्हणजे तो रोज चालू होत होता. पंधरा दिवस आमच्यासमोर चालू होऊन, अंधारात, आमचं पारायण ऐकत बसला होता.

पडद्यावर एक इंग्रजी सी, एक बाण, आणि लुकलुकणारी बारीक रेघ. असाच दिसतो का चालू झाल्यावर? मला काय माहीत! मी आपली म्हणाले, "हं, झाला." मग माझं नाव, अनसूया, टाइप केलं. खाली उत्तर आलं – बॅड कमांड, म्हणजे आज्ञाच वाईट. पहिल्या भेटीतच! तरी मी एकटीच हसत होते, वेड्यासारखी.

२० फेब्रुवारी

संगणक चालू आहे हे सरांना मान्य आहे. पण सुरू केलेलं सोडता येत नाही. अध्याय नववा, बिघाड. त्यात एकच वाक्य – विक्रेत्याशी संपर्क साधावा.

सरांनी पुस्तिकेला नमस्कार केला आणि फडकं बांधलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब अकराला आले, वीज सव्वाअकराला गेली. चार वाजेपर्यंत साहेब, सर आणि मी काळ्या पडद्यासमोर बसून, साहेब हलत्या पायाच्या स्टुलावर. शेंगदाणे संपले, चहा तीनदा झाला. साहेबांची गाडी पाचची. सगळे देव आठवले, वीज मंडळातले सुद्धा.

चार वाजून दहा मिनिटांनी आली. बटण दाबलं. घूं. मग हिरवी अक्षरं.

साहेब उठून उभेच राहिले. सरांना पाणी आणायला पाठवलं आणि मला हळूच म्हणाले, "सतरा शाळा बघितल्या. हा पहिलाच चालू. म्हणजे... असा दिसतो होय?"

म्हटलं, "हो साहेब, असाच." ठामपणे!

"हात लावू का?" म्हणाले. एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. खाली उमटलं – बॅड कमांड.

साहेबांचा चेहरा उतरला. गेली जागा! तोंडाला आलं ते बोलले, "नवीन माणसाला तो आधी असंच म्हणतो, साहेब. मग सवय होते त्याला."

साहेबांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. मान्यतेबद्दल अक्षर नाही. पाचची गाडी पकडायला पळाले.

२ मार्च

महाशिवरात्र. उपास. पत्र नाही.

९ मार्च

पत्र नाही. यांचा निरोप आला, शनिवारी बैलगाडी घेऊन येतो. भांडी बांधायला काढली. पुठ्ठेही घेतले दोन, कशाला कोण जाणे. मला गावी कोण संगणक शिकवायला बोलावणार? वाईट वाटतंय. फार.

१४ मार्च, शनिवार

बैलगाडी दारात आणि मुंजाजी धावत, हातात लिफाफा. परभणीच्या कचेरीत सर्व अधिकाऱ्यांना संगणक शिकवायचा आहे, त्यासाठी गंगाखेडहून खालील बाबी सोमवारपर्यंत पाठवाव्यात. एक, संगणक, चालू. दोन, लाकडी टेबल. तीन, स्टूल, एक पाय हलता. चार, श्रीमती अनसूया, शिक्षिका, कायम.

यांनी चारदा वाचलं, मग बैल वळवले – शाळेकडं, टेबल आणायला.