नवं चुंबक पोचलं, काका

तीर्थरूप काकांना पुतणीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे, असं विचारणार होते; पण डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावल्यावर तुम्ही भिंतीवरचं घड्याळ उतरवायला शिडी लावलीत (कारण शिडी म्हणजे जिना नव्हे), हे काकूंकडून कळलं. तेव्हा तब्येतीबद्दल विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. मी बरी आहे. वजन तीन किलोंनी उतरलंय, ते का ते ओघात येईलच.

हे पत्र मुख्यतः आभाराचं आहे. गेल्या महिन्यात तुम्ही माझी प्रयोगशाळा बघायला आलात आणि मी दोनदा चहा आणायला खाली गेले. पहिल्या चहाच्या वेळी तुम्ही माझ्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्यात. दुसऱ्या चहाच्या वेळी समोरच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानात जाऊन आलात. काचपात्राच्या तळाशी गरगर फिरून द्रावण ढवळणारं माझं बोटाच्या पेराएवढं चुंबक काळं पडलं होतं, त्याला चरे गेले होते. म्हणून त्या जागी नवं पांढरंशुभ्र ठेवलंत आणि जुनं ‘बघतो काही करता येतं का’ म्हणत खिशात टाकलंत. (चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला फिरणारी वस्तू मळलेली बघवत नाही. पाहुणे जेवायला बसलेले असताना तुम्ही आमचा चालू टेबलफॅन खोलला होतात, ते आई अजून विसरलेली नाही.) मला भरून आलं होतं. खोटं नाही सांगत.

आता माझं काम काय, ते पुन्हा सांगते, कारण शेजाऱ्यांना तुम्ही ‘ती पावडर करते’ एवढंच सांगता. रंगाच्या कारखान्यातून पिवळंजर्द घातक पाणी निघतं. त्यात दुसरं एक रसायन आणि चिमूटभर उत्प्रेरक घातला, की पिवळेपणा जातो. उत्प्रेरक म्हणजे दोघांचं जुळवून देऊन स्वतः कोराच राहणारा मध्यस्थ. त्यासाठी सगळे पॅलेडियम नावाचा महागडा धातू वापरतात. मी साध्या लोखंडाचे, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण करून तेच सात मिनिटांत साधलं. माझं नाव झालं ते यावर, आणि येत्या गुरुवारी पैसे मंजूर करणारी समिती येतेय तीही हे बघायलाच. पाणी निवळलं तर काम आणखी तीन वर्षं चालेल. नाही निवळलं तर गाशा गुंडाळायचा.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून पाणी पिवळंच राहिलं. मी पावडर अकरा वेळा नव्याने केली. पावडर करायला दिलेलं पाणी शुद्ध नाही म्हणून भांडले, काचसामान धुणाऱ्या बाईंच्या साबणावर संशय घेतला, हवेतल्या दमटपणालाही सोडलं नाही. आमच्याकडे रिअॅक्टर बांधणारे इंजिनिअर आहेत, त्यांना आम्ही टाकीवाले म्हणतो. त्यांच्या पन्नास लिटरच्या टाकीत माझी पावडर पहिल्यापासून एकदाही चालली नव्हती. ‘तुमच्या पावडरीत दम नाही,’ एवढंच ते म्हणाले होते. त्यावर मी त्यांना टाकीतली पाती तीनदा बदलायला लावली आणि भर बैठकीत म्हणाले, की यांना धड ढवळताही येत नाही.

आणि परवा त्यांच्या टाकीत डोकावताना लक्षात आलं, की ती पोलादी पात्यांनी ढवळते. तिच्यात चुंबक नाहीच.

ते काळं चुंबक माझ्याआधी आमच्या महर्षींकडे होतं. (हे माझे ज्येष्ठ सहकारी. जन्मभर पॅलेडियमवर काम केलं आणि एकही वस्तू धुतली नाही.) चऱ्यांमध्ये त्यांचंच पॅलेडियम बसलेलं असणार. माझं लोखंड नुसतंच सोबत फिरत होतं. काका, दोन वर्षं ज्याला मी माझं म्हणत होते ते माझं नव्हतंच. फार वाईट वाटलं. किती दिवस घास गोड लागला नाही, तीन किलो त्यातच गेले. अर्थात हा अजून संशयच आहे, आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नवं चुंबक सुरेख फिरतं.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी

ता. क. जुनं चुंबक लगोलग पाठवा. धुऊ नका, पुसू नका, फुंकरसुद्धा मारू नका. गुरुवारी त्याचं मी काय करणार, ते विचारू नका, कारण ते अजून माझंही ठरलेलं नाही.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात तुमचं पार्सल आलं. चुंबक आरशासारखं लख्ख. मग पार्सलच्या तळाशी कागदाची पुडी दिसली, घड्याळांचे सुटे भाग ठेवता तशी. वर तुमच्या अक्षरात: ‘चुंबकावरचा मळ. कोरड्या ब्रशने काढला. विचारल्याशिवाय टाकू नये.’ त्यातली चिमूटभर पूड पिवळ्या पाण्यात टाकली. चार मिनिटांत पाणी निवळलं. माझ्या पावडरीपेक्षा तीन मिनिटं आधी.

तेवढ्या पुडीवर गुरुवार सहज निभावला असता, कोणाला पत्ताही लागला नसता. खरं सांगते, तासभर मी तोच विचार करत होते. पण काका, तुम्ही स्वच्छ अक्षरात मळ म्हणून लिहून दिलेल्या वस्तूला मी लोखंड कशी म्हणू?

शेवटचं. टाकीवाल्यांची माफी मागितली. ते हसले नाहीत. पुडी उजेडात धरून त्यांनी दोनदा वाचली आणि हा माणूस आपल्याकडे कामाला येईल का, असं विचारलं. गुरुवारी समितीसमोर पुडी तुमच्या अक्षरासकट ठेवणार आहे. नंतर गाशा गुंडाळावा लागला तर बाटल्या खोक्यांत भरायला माणूस लागेल, म्हणून तुम्ही याच. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. टाकीवाले बाहेरून शिडी लावून ठेवणार आहेत. फक्त आत आल्यावर हात खिशात ठेवा.