मांजरीची पाठ विस्तवाकडे

बॅलीनाह, २२ जानेवारी १९३४

चि. मुरिशला हानाताईचे आशीर्वाद, वि. वि.

गोबनेटच्या बापाशी बोलले. म्हातारा म्हणतो, मुलाने स्वतः येऊन व्हिस्कीची बाटली पुढे ठेवावी, मग बघू. ईस्टरआधीचा मोठा उपास तोंडावर आला आहे. तो लागला की पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत, आणि तिकडे दुकानदार तिला मागणी घालायला टपून बसलाय. चाळिशी उलटली तुझी. बेटावर एकट्या आईच्याने आता चूल उरकत नाही. शनिवारी ये, दाढी करून ये.

माया आहेच, ती आटवू नकोस.
हाना

बेट, २९ जानेवारी

ती. ताईस मुरिशचा नमस्कार, वि. वि.

निघालोच होतो. पण मांजर विस्तवाकडे पाठ करून बसली आहे, धुराड्यातून काजळी गळते आहे, समुद्रपक्षी शेतात उतरलेत. तुमच्याकडचा डोंगर तर हात लावावा इतका जवळ दिसतो. मोठं वादळ येणार. हवा निवळली की येतोच. आई तुला शिव्या देते, म्हणजे ठणठणीत आहे.

राग मानू नये.
मुरिश

बॅलीनाह, १ फेब्रुवारी

चि. मुरिशला आशीर्वाद.

तुझं पत्र टपालाच्या होडीने आलं, हे तुझ्या टाळक्यात शिरतंय का? टपालवाल्याची टोपीसुद्धा भिजली नव्हती. पत्र येतं आणि नवरदेव येत नाही? मांजरीला पाठ शेकायची असते. काजळी गळते, कारण तू धुराडं झाडत नाहीस. गेल्या साली शेळ्या डोंगरावरून उतरल्या म्हणून आला नाहीस. ती नाही म्हणेल ही भीती आहे, तसं सरळ लिही की! मुकाट्याने ये, नाहीतर मी येऊन मानगूट धरते.

तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते.
हाना

बॅलीनाह, ११ फेब्रुवारी

ती. आईस हानाचा नमस्कार, वि. वि.

मुरिश शुक्रवारी आला. बाटली ठेवली आणि दगडासारखा बसला. म्हातारा गाईंची चौकशी करतोय, हा टोपी चुरगाळतोय. मला वाटलं, द्यावी एक थोबाडीत. शेवटी गोबनेटनेच विचारलं की उद्या परत जायला हवा कशी आहे. हा बाहेर गेला, आभाळ बघितलं, वाऱ्याचा वास घेतला आणि आत येऊन छाती काढून म्हणाला की रात्रीच पश्चिमेचं वादळ येतंय, मंगळवार उलटेपर्यंत होडी हलणार नाही. बाहेर टिपूर चांदणं. मी हसले. गोबनेट हसली नाही. बापाला म्हणाली की हा अडकणारच आहे तर मंगळवारी, उपास लागायच्या आत, लग्न उरकून टाका, मग मी याच्याबरोबरच जाते. म्हाताऱ्याने बाटली उघडली.

रात्री माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडालं. तुझा लेक कधीकधी खरंही बोलतो, एवढं कबूल करते.

वारा पडला की हे पत्र मिळेल, आणि त्याच होडीतून ती दोघंही उतरतील. तेव्हा वाचत बसू नकोस. ऊठ, बटाटे चढव.

तुझीच,
हाना