लॉजच्या दाराशी तलवार

३ जून १९००. ऑरेंज फ्री स्टेट, दक्षिण आफ्रिका.
कॅप्टनची जागा रिकामी झाली. ती देणार कर्नल हॅडो, आणि तेच आमच्या फ्रीमेसन लॉजचे, म्हणजे गुप्त बंधुमंडळाच्या शाखेचे, प्रमुख. म्हणजे मिळणार मलाच. आम्हा इंग्रजांत शत्रूशी, या बोअरांशी, लढून कोणी कॅप्टन होत नाही, बंधुभावाने होतो. आजपासून सगळ्यांशी गोड.

५ जून
लॉज तंबूत भरते. आत सगळे समान. पलटणीचा न्हावी क्विल्टर बाहेर मला सलाम ठोकतो, आत ‘बंधू पर्सी’ म्हणतो. आज म्हणाला, बंधू पर्सी, जरा दुसऱ्यालाही बोलू द्या की! गोड हसलो. कॅप्टन झालो की बघतो त्याच्याकडे.

८ जून
दारावरचा रखवालदार म्हणून माझी नेमणूक! हातात उपसलेली तलवार. लॉजमधलं सर्वांत विश्वासाचं काम. क्विल्टर म्हणाला, तुम्ही बाहेर असलात की आत कसं छान वाटतं. जळतो मेला.

१२ जून, दुपार
मोठी सभा. छावणीचे पहारेकरीही मेसन, तेही आत. लॉजमध्ये शस्त्र चालत नाही, म्हणून सगळ्यांच्या बंदुका माझ्यापाशी.
एक दाढीवाला बोअर घोड्यावरून आला. तलवार रोखली. त्याने गुप्त खूण केली. बरोबर. हात मिळवला. तोही बरोबर. कमांडंट टेर्ब्लांश, जुना मेसन. नियम स्पष्ट आहे: भावाला अडवायचं नाही, आणि आत लढाईचा विषय काढायचा नाही. सन्मानाने आत सोडलं.
त्याची माणसं मेसन नव्हती. त्यांना कडक शब्दांत बाहेरच थांबवलं. बंदुकांपाशी.

संध्याकाळ
टेर्ब्लांश सभा संपेपर्यंत लढाईबद्दल चकार शब्द बोलला नाही. खरा सभ्य माणूस. बाहेर आल्यावर म्हणाला, झाली ना लॉज, बंधूंनो? मग आता हात वर. कैदी पोसायला त्यांच्याकडे अन्न नाही. म्हणून बंदुका, घोडे, बूट, सगळे कपडे घेऊन आम्हाला सोडलं. विधीचे एप्रन तेवढे राहू दिले. भाऊ ना!

१३ जून
मुख्य तळाकडे पायी. एप्रन फक्त पुढून असतो. कर्नलनी मला सर्वांच्या पुढे चालायला लावलं. बाकीच्यांत शेवटी राहण्यासाठी ढकलाढकली. पुढारपण ओळखतात ते. तळावर दोन्ही बाजूंनी रांगा लावून आमचं स्वागत. शिट्ट्याही.

१७ जून
कॅप्टनची जागा भरली. दुसऱ्या पलटणीतला कोणी मर्गट्रॉइड. चौकशी केली, तो मेसनसुद्धा नाही.
तडक कर्नलकडे गेलो. मेसन नसलेला माणूस घेतला, एवढी मोठी चूक झालीच कशी, विचारलं.
ते म्हणाले, चूक कसली? तीच तर एक गोष्ट पाहून घेतला त्याला.