अंगठा नाही, सही

मी, टोपल्या विणणारी बाई, वय सत्तरच्या पुढे (नक्की मोजलंय कुणी?), डोकं ठिकाणावर ठेवून आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. स्वतःच्या! तीन महिन्यांपूर्वी मला एक अक्षर येत नव्हतं. धाकट्याच्या लेकीनं, माझ्या नातीनं शिकवलं. एवढी खूश मी लग्नातही नव्हते.

१. घर धाकट्या सुनेला. दार खाणवाल्यांच्या माणसांनी कुऱ्हाडीनं फोडलं, ते तिनं नवं बसवावं. कडी जाड हवी.

२. डोंगर वाटणीत नाही. तो अख्ख्या वस्तीचा. खाणवाले म्हणतात, तुम्ही विकला. झालं असं, त्यांनी घोंगड्या वाटल्या आणि मिळाल्याची खूण म्हणून अंगठे घेतले. आमच्यात तोंडचा शब्द पुरतो. कागदात दुसरंच काही असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

३. माझ्या नवऱ्यानं घोंगडी घेतली नव्हती. म्हणाला, "थंडी आमची, डोंगरही आमचा." त्यांनी काठ्यांनी त्याचं डोकं फोडलं. तो गेल्यावर, गेल्यावर हं, त्याचा अंगठा शाईत दाबला. शाईचा डबा धरून उभा होता माझा थोरला.
"आई, माझी नोकरी आहे गं."
"आणि हा कोण होता रे तुझा?"
मी अंगठा दाबणाऱ्या त्यांच्या कारकुनाच्या हाताचा लचका तोडला आणि डबा हिसकावला. तो डबा थोरल्याला. बाकी काही नाही.

४. शाळेत पहिल्याच आठवड्यात आमची बोली बोलले म्हणून बाईंनी माझी दोन बोटं लाकडी पट्टीनं मोडली; शाळा तिथंच सुटली. टोपली अजून त्या बाजूला वाकडी होते. त्या बोलीतली डोंगरावरच्या एकेचाळीस झऱ्यांची नावं नातीला. पाठ आहेत तिला. सदतिसावं विसरते, मग कान उपटते मी.

५. बांबू तासायचा कोयताही नातीलाच. त्याचं पहिलं काम ठरलेलं आहे : माझा जीव गेला की, रडण्याआधी, माझे दोन्ही अंगठे तोडून चुलीत टाकायचे.
"आजी, माझ्याच्यानं नाही होणार."
"मेल्यावर मला दुखतंय का गं?"
"मला दुखेल ना."
खूप रडली. मग हो म्हणाली. गुणाची पोर.

यापुढे माझ्या अंगठ्याचा कुठलाही कागद निघाला, तर तो खोटा.

साक्षीदार : सुईण (सही). शेजारचा लोहार (सही; त्याला शिकवण्यात चार दिवस गेले, फार ठोंब्या).

ठिकाण : माझा ओटा, डोंगराकडे तोंड करून.
दिनांक : नवऱ्याला मारलं, त्याला आज वर्ष.

सही : शाळेनं लावलेल्या नावानं नाही. आई ज्या नावानं हाक मारायची, त्या नावानं. कागदावर ते पहिल्यांदाच येतंय.