साठ पट झूम आणि एक खिळा

२ मार्च
कॅमेरा आणला. दुकानदार म्हणाला, हा ब्रिज कॅमेरा, म्हणजे खिशातल्या छोट्या आणि व्यावसायिकांच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या मधला. लेन्स निघत नाही, पण झूम साठ पट. मी लेन्स जरा पिळून पाहिली. खरंच निघत नाही. त्याने कॅमेरा हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि बिल होईपर्यंत परत दिला नाही.
संकल्प: कायम मॅन्युअल मोड. ऑटोवरचा फोटो कॅमेऱ्याचा असतो, आपला नाही. कुणालाही पोज द्यायला सांगायचं नाही. वाढदिवस, पाहुणे, धाकटीचे नवे कपडे असले घरगुती फोटो बंद. वाचनालयाच्या ‘श्रमाचे चेहरे’ स्पर्धेत भाग घ्यायचा, शेवटची तारीख ५ एप्रिल. घरातली पहिली पदवीधर म्हणून समाजाचं काही देणं लागते.

३ मार्च
आई ३१ तारखेला निवृत्त होतेय. लाँड्रीच्या इस्त्री विभागात सत्तावीस वर्षं. जेवताना म्हणाली, शेवटच्या दिवशी ये, माझ्या मशीनपाशी दोघींचा एक फोटो काढू, तुझ्या पदवीच्या फोटोशेजारी लावते. बाबांनी हात धुतले आणि लगेच खिळा ठोकला. फोटोच्या आधी खिळा कशाला, असं विचारलं. बाबा म्हणाले, रिकामा खिळा रोज दिसला की तुझ्या लक्षात राहील.
हो म्हटलं. एवढा एक अपवाद.

५ मार्च, सकाळी ६.४०
मॅन्युअलवर एकवीस फोटो. सगळे काळे. धाकटीने विचारलं, ताई, खाणकामगार का? काळोखालाही आशय असतो, हे तिला आत्ता कळणार नाही.

५ मार्च, संध्याकाळी
शटर इतकं झटकन मिटत होतं की उजेडाला आत यायला वेळच मिळत नव्हता. ऑटोवर ठेवला. तात्पुरता.

९ मार्च
कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे गेले. कॅमेरा पाहताच त्यांनी हत्यारं पेटीत टाकली, केस विंचरले आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसले. काम चालू ठेवा म्हटलं तर म्हणाले, काम काय, रोजच करतो, फोटो रोज थोडाच निघतो. भाजीवाल्या बाईंनी मला तपासणीवाली समजून रस्त्यावर आलेल्या दोन टोपल्या आत ओढल्या आणि काय हवं ते घेऊन जा म्हणाल्या.
निष्कर्ष: आपण जवळ गेलो की माणसं खरी राहत नाहीत. मग साठ पट झूम कशासाठी आहे?

१४ मार्च
गच्चीवरून समोरच्या इमारतीचा रंगारी टिपला. साठ पटीवर हात थरथरतो. निम्म्या फोटोंत नुसतं आकाश. शेवटी पाण्याच्या टाकीवर कॅमेरा टेकवून त्याची डावी टाच अगदी स्पष्ट मिळाली. टाच बोलकी आहे. धाकटी म्हणाली, स्पर्धा चेहऱ्यांची आहे ना?

२२ मार्च
आईच्या फोटोचा विचार केला. मशीनपाशी उभं राहून हसणं म्हणजे पोजच. तत्त्वाला अपवाद केला की तत्त्व संपलं. पण लाँड्रीच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून आईचं मशीन थेट दिसतं. शेवटच्या दिवसाची आई, कॅमेऱ्याची जाणीव नसलेली! भेटही तीच आणि स्पर्धेचा फोटोही तोच.
अर्थात तिला सांगायचं नाही. ती आज पुन्हा म्हणाली, साडेचारला निरोप आहे, उशीर करू नकोस. मी म्हटलं, मी वेळेवर असेन. यात खोटं काही नाही.

३१ मार्च, दुपारी ४.१०
जिन्यात. उजेड उत्तम. वॉचमनने हटकलं. सामाजिक काम आहे म्हटलं. तो म्हणाला, मग पायरीवर बसू नका, आत्ताच पुसलीय. एकाग्रतेसाठी फोन सायलेंटवर.

४.३५
सगळ्या जमल्या. मशीनपुढे दोन खुर्च्या मांडल्यात. एकीवर आई. दुसरी बहुधा साहेबांची.

४.५५
साहेब आले, उभेच आहेत. कार्यक्रम अजून सुरू नाही. लोकांना वेळेची किंमत नाही.

५.२०
अखेर फुलं दिली. एकूण १८६ फोटो. आईच्या चेहऱ्यावर असे भाव मी कधी पाहिले नव्हते. आजवरचं माझं सर्वोत्तम काम.

१ एप्रिल
काल फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. घरी आले तेव्हा आईने माझ्या वाटचा केकचा तुकडा कागदात बांधून आणला होता. मी सगळा बेत समजावून सांगितला. ती म्हणाली, असं होय, आणि ताटं घ्यायला उठली.

४ एप्रिल
स्पर्धेसाठी एक फोटो निवडायचा आहे. अडचण अशी की १८६ पैकी दीडशेत आई कामाकडेही बघत नाही आणि माणसांकडेही नाही. सगळीकडे डावीकडे, एकाच जागी, फ्रेमच्या बाहेर. घड्याळ असावं. शीर्षकासाठी तिलाच विचारलं, तिथे काय आहे? आईने चष्मा लावून पाच-सहा फोटो पाहिले. म्हणाली, दार.
धाकटीने कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला.

६ एप्रिल
स्पर्धेची तारीख काल उलटून गेली, फोटो पाठवला नाही. आईला म्हटलं, आज जाऊ, मशीनपाशी दोघी उभ्या राहू, हसू, ऑटोवर काढू. ती म्हणाली, पास जमा केलाय गं, आता आत सोडत नाहीत. तिथे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या तिच्या मैत्रिणीने त्या दिवशी मोबाईलवर काढलेला एक फोटो आहे. मशीन आहे, आई आहे, शेजारी रिकामी खुर्ची आहे. चांगला आलाय. तो लावू म्हटलं. आई म्हणाली, नको, राहू दे.

१० एप्रिल
खिळा काढावा म्हणून पक्कड घेतली. बाबा म्हणाले, ओढू नकोस, भिंतीचं प्लास्टर निघेल. माझ्या पदवीच्या फोटोशेजारी सध्या कॅमेरा अडकवला आहे.