वामनकाकांचा सैल मास्क

५ जाने., सोमवार
सकाळी हॉस्पिटलात रेडिएशन मशीनची रोजची तपासणी. सांगितला तेवढाच डोस येतोय. उत्तम.
घरून निघताना दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. नवरा म्हणाला, "अख्ख्या नालवाडीत तुझ्याएवढा संशयी माणूस नाई." असू दे. रेडिएशनचा हिशेब कुलूप ओढून पाहणाऱ्या बाईच्याच हाती असावा, असं माझं मत आहे.
नवीन पेशंट वामनकाका. नाचणगावचे. वांगी, मेथी स्वतः पिकवतात, पुलगावच्या बाजारात ओरडून विकतात. म्हणजे विकत होते. स्वरयंत्राचा कॅन्सर, सुरुवातीचा. रेडिएशन नेमकं जागेवर बसलं तर गाठ जाईल आणि आवाजही वाचेल. घोगऱ्या, फाटक्या आवाजात मला म्हणाले, "पोरी, आवाजच गेला त भाजी का हातवारे करून विकू?"
काकू लगेच, "विका ना. तेवढीच बाजाराले शांती."
दोघंही हसले. काकूंचा हात मात्र काकांच्या बाहीवरून सुटत नव्हता.
मग मास्क. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढायची, थंड झाली की कडक. पलंगाला अडकवली की डोकं हलत नाही. मास्क घालूनच स्कॅन केला. काकांचे केस या वयातही हेवा वाटावा असे.

९ जाने., शुक्र.
काकांचा प्लॅन मशीनवर चालवून पाहिला. माणसाच्या आधी तो फँटमवर, म्हणजे प्लास्टिकच्या एका ठोकळ्यावर. पोटात मोजणी करणारे डिटेक्टर. आमचे टेक्निशियन गजाननभाऊ त्याला 'जावईबापू' म्हणतात. सगळ्यांनी अलगद उचलायचं, झाकून ठेवायचं, आणि हे नुसते पडून राहणार!
जावईबापूंनी पास केलं. सोमवारी सुरू.

१२ जाने., सोमवार
काका आले ते तुळतुळीत टक्कल करून!
मी दारातच थांबले. "काका, केस?"
"गिरडले दर्ग्यावर गेलतो काल. नातवाचं जावळ होतं. तुह्या काकूनं नवस बोलून ठेवला होता, तुमचेबी द्या म्हणून. देऊन टाकले."
आम्ही दाढीचं सांगितलं होतं, गळ्यातल्या माळेचं सांगितलं होतं. केसांचं कुणालाच सुचलं नव्हतं.
मास्क घातला तर आत डोकं आरामात वळतंय. काका तर आतून डावीकडे-उजवीकडे करून दाखवायला लागले, "हे पहा, मोकळं झालं." मोकळं झालं!
गजाननभाऊ म्हणाले, "डोक्याखाली टॉवेल टाकून घेऊ काय मॅडम? बाहेर लाइन लागून राह्यली."
नाही म्हटलं. टॉवेल आज एक घडी, उद्या दुसरी. मान जरा वळली की गाठीची एक कड डोसाबाहेर. नवा मास्क, नवा स्कॅन, नवा प्लॅन. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या लाइनकडे पाहिलं, सही केली. गजाननभाऊंनी टॉवेल जरा जोरातच कपाटात आपटला.
बाहेर बाकावर काकू रडत होत्या. "देवाले देलं, अन् उलटंच झालं का वो मॅडम?"
शेजारी बसले. म्हटलं, उलटं कशानं? टकलावर मास्क जास्त चपखल बसतो. आणि खरंच बसला. नवा मास्क इतका सुरेख उतरला की गजाननभाऊंनीच बोलवून दाखवला. राग संपला.

१४ जाने., बुध. संक्रांत
नवा प्लॅन जावईबापूंवर. पास. तरी एकदा सगळं उतरवून, परत मांडून मोजलं. परत पास. गजाननभाऊंनी ठोकळ्यापुढे तीळगूळ ठेवला आणि मग स्वतःच खाल्ला.
काकांना फोन: उद्या या.

१५ जाने., गुरु.
सुरू! उपचाराआधीचं चित्र स्कॅनशी तंतोतंत जुळलं. काका मास्कमध्ये ढिम्म. किती बरं वाटलं, काय सांगू.

२ फेब्रु., सोमवार
नवीच भानगड. केस वाढतायत, मास्क घट्ट होतोय. काकांना हुकूम: उपचार संपेपर्यंत दर रविवारी टक्कल.
"न्हावी विचारते, एवढी काऊन भक्ती चढली?"
घसा सोलवटलाय. गिळताना डोळ्यांत पाणी. काकू पातळ खिचडी घेऊन येतात आणि घास जाईपर्यंत समोरून हलत नाहीत.

२६ फेब्रु., गुरु.
काकांचा शेवटचा दिवस. आवाज जवळजवळ नाहीच. सूज आहे, हे होणारच होतं, माहीत आहे. सूज उतरल्यावर काय उरेल ते कोणत्याच डिटेक्टरला विचारता येत नाही.
जाताना काका खुणेनं म्हणाले, दोन्ही मास्क द्या. कशाला? नुसते हसले. दिले.
काकू म्हणाल्या, "वांगे न्याले येजो. येजोच."

२२ मार्च, रविवार
गेलो. नवरा आणि मी, नाचणगाव.
वांग्याच्या शेतात बुजगावणं, अंगात काकांचा जुना सदरा, आणि तोंडावर आमचा मास्क! सैल असलेला पहिला. आत गवत कोंबून डोकं भरलंय. हसून हसून माझी पुरेवाट.
"तुमच्या मशीनले चालला नाई," काका म्हणाले, "याले बरोबर बसला." घोगराच, पण ऐकू येण्याइतका. डॉक्टरांनी जोरात बोलायला मनाई केली आहे. पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून तपासणी. खरं काय ते तेव्हाच.
काकू पिशवीत वांगी भरत होत्या. तेवढ्यात एक वांदर सरळ बुजगावण्याच्या डोक्यावर येऊन बसलं आणि मास्क उपटायला लागलं. काका मनाई विसरले.
"हाऽऽऽट!"
सुरुवात फाटकी. पण पुढचा 'आ' लांब, भरलेला, पार बांधापलीकडे गेला. वांदर पळालं. काकूंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.
मला एकदा ऐकलेलं पुरत नाही. दोनदा मोजल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही.
तरी तोंडानं म्हटलं, "काका, बास! आता अजिबात ओरडायचं नाही."
आणि मनात म्हणत होते, आणखी एकदा. एकदाच.